‘ऐकलं’ची गोल चिठ्ठी

दुकानात पाऊल ठेवल्या ठेवल्या कानसेनांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "फोन कुठल्या कानाला लावता?"

मी कॉम्प्युटर घ्यायला गेले होते, कान दाखवायला नव्हे, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. माझं तोंड फटकळ आहे हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते उत्तराची वाट बघत राहिले.

"उजव्या," मी म्हटलं.

"मग कॉम्प्युटरची पेटी डावीकडे ठेवायची," ते म्हणाले आणि हातातल्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, ‘डावीकडे’. प्रोसेसर नाही, मेमरी नाही, काही नाही. माझ्या नव्या कॉम्प्युटरच्या यादीतली पहिली नोंद ही.

खरं नाव पाटीवर आहे, पण सगळे त्यांना मागे कानसेन म्हणतात आणि तोंडावर काका. वय त्रेसष्ट. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर, आणि समोरचा बोलत असताना मान किंचित तिरकी, जणू त्याच्या बोलण्यात कुठे खरखर आहे का ते बघताहेत. आधी ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. लाइनवरच्या नुसत्या खरखरीवरून कुठल्या जोडात पाणी शिरलंय ते सांगायचे म्हणे. पुढे एक्स्चेंजमध्ये माणसांची गरजच उरली नाही आणि काका आपले कान घेऊन घरी आले. मग त्यांनी हे दुकान टाकलं. गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे एकेक भाग निवडून कॉम्प्युटर जोडायचा, आणि तो असा की चालू आहे की बंद हे हात लावूनच कळावं.

दुकान एवढंसं. तिघं उभे राहिले की चौथ्यानं बाहेर थांबावं. लांबलचक टेबल, त्यावर रबराची चटई, आणि भिंतीशी बुटांचे तीन खोके. एकावर लिहिलेलं ‘मुके’, दुसऱ्यावर ‘कुरकुरे’, तिसऱ्यावर ‘बडबडे’. आत पंखे. कॉम्प्युटरचं पोट तापतं म्हणून त्याला वारा घालायला जे तळहाताएवढे पंखे लागतात, ते. नवा माल आला की काका प्रत्येक पंख्याला वीज जोडून कानाशी धरत, डोळे मिटत आणि त्या त्या खोक्यात टाकत.

"एकाच कारखान्यात एकाच दिवशी जन्मले," ते मला म्हणाले, "पण एक मुका निघतो आणि दुसरा माझ्या मेहुणीसारखा."

"माझ्या बहिणीला मध्ये आणायचं काम नाही," टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. त्या काकू. उंच स्टुलावर बसलेल्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, मांडीवर स्क्रूंचा डबा. काकांनी हात मागे केला की त्या न बघता हवा तोच स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवत. दुकान उघडल्या दिवसापासून हेच चाललेलं.

मला शांत कॉम्प्युटर हवा होता त्याचं कारण माझं काम. मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, जे पुस्तक येईल ते. आमच्या घरात कपडे ठेवायची एक छोटी खोली आहे, तिच्या भिंतींना मी जुन्या रजया ठोकल्या आहेत. दुपारी दोन ते चार गल्ली सुस्तावते तेव्हा दार लावून मी वाचते. सगळं छान होतं, फक्त माझा जुना कॉम्प्युटर माझ्यापेक्षा मोठ्यानं वाचायचा. ध्वनिग्रंथालयातल्या बाईंनी अखेर निरोप धाडला, "वाचन उत्तम, पण तुमच्यामागे पिठाची गिरणी चालू असते, तिचं काहीतरी करा." मला मिरच्या झोंबल्या, कारण बाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

काका दुसऱ्या दिवशी घरी आले. खोली बघितल्याशिवाय यादी करणार नाही म्हणाले. मला बाहेर काढून दार लावून घेतलं आणि आत बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मला वाटलं, म्हातारा रजयांच्या उबेत झोपला. तेवढ्यात बाहेर आले आणि म्हणाले, "भिंतीपलीकडे फ्रिज आहे, तो मध्ये मध्ये सुरू होतो. वाचताना बंद करत जा. आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या बाजूच्या भिंतीला घड्याळ लावलंय."

अकरा वर्षं त्या घरात राहून मला घड्याळाचा पत्ता नव्हता. मी शेजारी जाऊन बघून आले. होतं.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी यादी केली. तसं भाग निवडणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. भाचे मंडळी कॉम्प्युटर घेतात तेव्हा प्रत्येक गोष्ट सगळ्यात वरची हवी असते. काकांचं उलटं.

"प्रोसेसर मधला घ्यायचा," ते म्हणाले. "वरचा घेतलात की तो तापणार. तापला की पंखा पळणार. पंखा पळाला की तुमची गिरणी परत सुरू. गेम खेळता?"

"मी?"

"मग चित्रासाठी वेगळं कार्ड नको. चित्रापुरती सोय प्रोसेसरमध्येच असते. डिस्क फिरणारी नको, चिपवाली घेऊ. मेमरी जन्मतः मुकी, ती हवी तेवढी घ्या. उरला पॉवर सप्लाय." इथे ते थांबले. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना त्यांच्या त्यांच्या मापात वाटून देणारा तो डबा. "याच्या पोटातही पंखा असतो. म्हणून हा गरजेच्या दुप्पट ताकदीचा घ्यायचा. निम्म्या ताकदीत काम करताना त्याला घामच येत नाही, मग पंखा फिरतच नाही."

माझा नवरा इतका वेळ दारात उभा राहून ऐकत होता. "काचेचा नाही का मिळत?" त्यानं विचारलं. "आत निळे-जांभळे दिवे लागतात तो?"

"मिळतो की," काका म्हणाले. "पण तो बघायचा कॉम्प्युटर. ताईंना ऐकायचा हवाय. म्हणजे न ऐकायचा."

मला ते आवडले. पण आवडणं वेगळं आणि विश्वास टाकणं वेगळं. जुना कॉम्प्युटर देणाऱ्यानंही ‘एकदम सायलेंट’ म्हणूनच तो गळ्यात मारला होता. म्हणून यादी पक्की करायला दुकानात गेले तेव्हा मी सांगून टाकलं, "माझ्या डोळ्यांसमोर जोडायचा. मी सकाळपासून येऊन बसेन."

"या की," काका म्हणाले.

काकूंनी मान वर केली. "कशाला ताटकळत बसता ताई? संध्याकाळी तयार मिळेल."

माझ्या शंकेला एवढं पुरे होतं. मी जास्तच हट्टाला पेटले आणि ठरल्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दारात हजर झाले.

काका जोडत असताना बघणं हे मात्र सुख होतं. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड चटईवर आडवा टाकलेला. प्रोसेसर त्याच्या जागेवर दाबायचा नसतो, नुसता ठेवायचा असतो. त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट, तिच्यावर उष्णता ओढून घेणारा पत्र्यांचा भला मोठा ठोकळा, आणि त्याला ‘मुके’मधून काढलेला पंखा. तोही परत एकदा कानाशी धरून. काकांचा हात मागे, काकूंचा स्क्रू पुढे. दोघांमध्ये तासाभरात चार वाक्यं झाली असतील, त्यातली दोन मेहुणीबद्दल.

जोडून झाल्यावर परीक्षा. काकांनी टेबलफॅन बंद केला. भिंतीवरचं घड्याळ काढून खणात फडक्याखाली ठेवलं. शटर अर्धं ओढलं. मी दाराशी स्टुलावर, रस्त्याच्या अंगाला. काका गुडघ्यांवर बसले, पेटी चालू केली, कान लावला, डोळे मिटले. मिनिटभरानं म्हणाले, "गप्प."

मग त्यांनी हात मागे केला. या वेळी स्क्रू नाही, बरण्यांच्या झाकणांवर लावतात तसली पांढरी गोल चिठ्ठी. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक पेटीच्या आत ही चिठ्ठी असते आणि तिच्यावर एकच शब्द असतो: ‘ऐकलं’. खाली तारीख.

काकूंनी चिठ्ठी पुढे केली, पण सोडली नाही. "परत एकदा ऐकता का?"

"ऐकलं की."

"नाही, ताईंना वाचायचं असतं ना, म्हणून म्हटलं."

काकांना जरा नवल वाटलं असावं. पण बायकोचा शब्द राखायला त्यांनी पुन्हा कान लावला. "गप्प आहे गं," म्हणाले, चिठ्ठीवर लिहिलं, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आणि झाकण लावलं. काकू म्हणाल्या, "चहा घेऊन या जाऊन, मग पोचवा." पण काका उत्साहात होते. चहा नंतर म्हणाले, पेटी स्वतः उचलली आणि रिक्षातून माझ्याबरोबर घरी निघाले.

त्या दुपारी मी खोलीत बसले आणि पहिली दोन मिनिटं मला रडूच यायचं बाकी होतं. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आणि मग, त्या शांततेच्या पार वरच्या टोकाला, सुईच्या अग्राएवढं: चीं.

मी ट्यूबलाइट बंद केली. चीं. फोनचा चार्जर काढला. चीं. शेजाऱ्यांच्या घड्याळावरही संशय घेऊन झाला. नवऱ्याला बोलावलं. तो पेटीशी वाकला, अंमळ थांबला आणि म्हणाला, "तुझ्या डोक्यात आहे." हे वाक्य माझ्याशी बोलायचं नसतं हे लग्नाला वीस वर्षं होऊनही त्याला कळलेलं नाही. अखेर मी कॉम्प्युटरची पिन ओढली. चीं थांबलं.

काकांना फोन केला. ते त्याच दुपारी धावत आले. कान लावला, वरून, बाजूनं, मागून. "गप्प आहे ताई."

"काका, मला ऐकू येतंय."

त्यांनी पुन्हा कान लावला. मग उठून गुडघे झटकले. "राग मानू नका. इतकी वर्षं तुम्ही गिरणीशेजारी काढलीत. एकदम शांत झालं की कान आपलं आपणच काहीतरी वाजवायला लागतात. आठ दिवस सवय होऊ द्या."

राग मी मानलाच. पण रागाच्या खाली शंकाही होती, की हे कानसेन आणि मी कोण? म्हणून गप्प बसले आणि कायद्याच्या पुस्तकातले दोन धडे वाचून पाठवून दिले.

चौथ्या दिवशी एका विद्यार्थिनीचा फोन आला. तिला जन्मापासून दिसत नाही, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि परीक्षा महिन्यावर आली होती. माझे धडे हेच तिचं पुस्तक.

"ताई, एक विचारू? तुमच्या खोलीत डास आहे का?"

"डास?"

"एकच आहे. दोन्ही धड्यांत. तुम्ही वाक्य संपवून थांबता ना, तेव्हा तो थांबत नाही. मी कलमं पाठ करायला बसते आणि डासच पाठ होतो."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. तिच्या त्रासापेक्षा माझं खरं निघालं याचा आनंद आधी झाला. नवऱ्याच्या लॅपटॉपवर तो धडा घेतला, हेडफोन पिशवीत टाकले आणि दुकानाची वाट धरली. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. ‘कानसेन म्हणवता ना’ इथपासून सुरुवात होती.

काका समोर चहाला गेले होते. काकू एकट्याच. म्हटलं चला, घरच्यांपासूनच सुरुवात करू. लॅपटॉप टेबलावर उघडला आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले.

दहा सेकंद त्यांनी ऐकलं असेल. हेडफोन काढले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला त्याच दिवशी ऐकू आलं होतं."

मग सगळं सांगितलं. वर्ष होत आलं होतं. काकांना बोलणं नीट ऐकू येतं, पंख्यांचं सगळं कळतं. फक्त वरचं, अगदी बारीक, तेवढं गेलंय. "मध्ये एकदा खिडकीशी उभे राहून म्हणाले, यंदा झाडावर ती बारीक पाखरं आली नाहीत वाटतं," काकू म्हणाल्या. "झाड भरलेलं होतं हो. मी म्हटलं, हो ना, नाही आली."

तेव्हापासून काकू दुसरी परीक्षा घेत होत्या. काकांनी पेटी ऐकली, चिठ्ठी लावली, की त्यांना चहाला पिटाळायचं. तेवढ्यात स्वतः कान लावायचा. चीं निघालं की पॉवर सप्लाय काढायचा, कारण पंखा न फिरताही त्याच्या आतल्या तारेच्या गुंडाळ्या कधी कधी वाजतात, आणि त्याच जातीचा दुसरा, न कुरकुरणारा बसवायचा. इतकी वर्षं हातात स्क्रू दिले होते, हात बसलेला होता. "दिवसातून चार-चार वेळा चहाला धाडते. पित्त वाढलंय त्यांचं," त्या म्हणाल्या. आम्हा दोघींनाही हसू आलं आणि लगेच विरलं. "तुमच्या वेळी तुम्ही समोर बसलेल्या. गिऱ्हाइकासमोर कसं म्हणू, की यांना ऐकू येत नाही?"

म्हणजे माझ्याच संशयानं माझा घात केला होता.

"पण त्यांना सांगत का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं तर उद्या हे शटर वर जाणार नाही. मी ओळखते त्यांना. एक्स्चेंज सुटलं तेव्हा सहा महिने भिंतीकडे तोंड करून होते. कान आहेत म्हणून उठले." त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही पेटी आणा. मी गुपचूप बदलून देते. त्यांना कळायला नको."

वाटेत जुळवलेली माझी वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. मी हो म्हणणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय ऐकताय दोघी?"

काका मजेत होते. त्यांनी हेडफोन उचलून कानांना लावले आणि लॅपटॉपकडे वळले. "वा! छान वाचता ताई." मग त्यांची नजर पडद्यावर गेली.

ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये आवाज वाजत असताना त्याचा नकाशा पडद्यावर सरकत असतो. जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. खाली माझं वाचणं ढगांसारखं दिसत होतं, दोन वाक्यांमध्ये मोकळी जागा. आणि वरच्या बाजूला एक बारीक, सरळ, न तुटणारी रेघ.

"ही रेघ कसली?" काकांनी विचारलं. त्यांनी आवाज वाढवला. मान तिरकी केली. आणखी वाढवला. मी वाक्य संपवून थांबले त्या मोकळ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं आणि सावकाश वर नेलं, रेघेपर्यंत. ज्या माणसानं सारा जन्म लाइनी तपासण्यात घालवला त्याला काय समजावून सांगायचं?

"तुला ऐकू येतंय?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकूंनी मान डोलावली.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि पेट्या?"

काकूंनी तेही सांगितलं. काकांनी हेडफोन काढले, वायरीची नीट गुंडाळी केली आणि काकूंच्या स्टुलावर बसले. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"म्हणजे वर्षभर मी लोकांना खोटं लिहून दिलं," ते म्हणाले. "‘ऐकलं’ म्हणून."

"खोटं कुठे?" काकू म्हणाल्या. "ऐकलेलंच होतं."

"कोणी?"

काकू स्क्रूंचा डबा आवरायला लागल्या. माझी जीभ मात्र शिवशिवलीच. "काका, तुम्ही नुसतं ‘ऐकलं’ लिहिता. ‘मी ऐकलं’ असं कुठे लिहिता? आपल्या भाषेत ऐकलं म्हटल्यावर कोणी ऐकलं ते त्यात येतच नाही."

मला वाटलं होतं ते हसतील. ते उठले. "शब्दांचे खेळ आहेत ताई," म्हणाले. "पेटी उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन गेले तर शटर खाली. तिसऱ्या दिवशीही खाली. पाचव्या दिवशी मी काकूंना फोन केला.

"बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "तिन्ही खोके घरी आणलेत. एकेक पंखा लावून ऐकतात आणि ठेवून देतात. पाखरांचंही मी सांगून टाकलं. आता झाडासमोर बसतात. चोच हलताना दिसते म्हणाले."

मला काय वाटलं ते सांगते: शरम वाटली. त्यांचं हे असं व्हायला मी निमित्त झाले होते, आणि तेही मिरवायला गेले होते म्हणून. पण दुसरीकडे ती मुलगी होती. नऊ धडे राहिले होते आणि माझ्याकडे वाचायला शांत कॉम्प्युटर नव्हता. त्यांची समजूत घालायला गोड शब्द माझ्याकडे नव्हते. ते कधीच नसतात.

"त्यांना फोन द्या," मी म्हटलं. काका आल्यावर डासाची सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, "काका, मुलीची परीक्षा आहे. कान कोणाचे वापरायचे ते तुम्ही घरात ठरवा. पण भाग तुम्हीच निवडायचे आणि पेटी मला शांत हवी."

पलीकडे कुठल्याशा पंख्याची घरघर ऐकू येत होती, तीही थांबली. मला वाटलं ठेवला. मग आवाज आला, "धडे किती राहिलेत?"

"नऊ."

"उद्या सकाळी या. आणि बसायचं असेल तर बसा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर एकाच जातीचे चार पॉवर सप्लाय ओळीनं मांडलेले होते. काकांची दाढी वाढलेली, पण खिशाला स्क्रूड्रायव्हर होता. त्यांनी माझी पेटी उघडली, पहिला जोडला, टेबलफॅन बंद केला, घड्याळ खणात घातलं, शटर अर्धं ओढलं. सवयीनं गुडघ्यांवर बसले, कान पेटीपर्यंत नेला. आणि तिथेच थांबले. त्या दोन क्षणांत मी दुसरीकडे बघितलं.

मग ते उठले. काकूंचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून पेटी उचलून टेबलावर ठेवली, तिच्याशेजारी स्टूल सरकवलं आणि म्हणाले, "अगं, ये."

काकू आल्या. कान लावला. चोरून ऐकायची सवय, उघड ऐकताना लाजल्यासारख्या झाल्या. "आहे," हळूच म्हणाल्या.

"कसा आहे? एकसारखा की थरथरतो?"

"एकसारखा."

"तोंड किंचित उघडं ठेव, जास्त स्वच्छ येतं. झाकणाशी मोठा होतो की मागच्या बाजूला?"

काकू सांगत गेल्या, काका विचारत गेले. दुसरा जोडला. दुसराही चीं. तिसरा त्यांनी हातात घेतला, हलवून बघितला, आत काहीतरी खुळखुळलं तसा बाजूला सारला. चौथा जोडला. काकूंनी डोळे मिटले. काकांनी आजवर प्रत्येक वेळी स्वतःचे डोळे मिटले होते. त्या दिवशी ते उघडे होते आणि काकूंच्या चेहऱ्यावर होते. कपाळावर एक आठी जरी उमटली असती तरी त्यांना दिसली असती.

"गप्प," काकू म्हणाल्या.

काकांनी काढलेले डबे एका बुटाच्या रिकाम्या खोक्यात ठेवले आणि वरून लिहिलं, ‘डास’. मग हात मागे केला. काकूंनी गोल चिठ्ठी दिली, या वेळी लगेच सोडली. काकांनी आमच्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं, झाकणाला आतून लावलं आणि झाकण बंद केलं. मी मान लांब करून बघत होते, पण दिसू दिलं नाही.

नऊ धडे मी सहा दिवसांत वाचले. मुलीचा फोन आला. म्हणाली, "ताई, डास गेला. आता तुम्ही थांबलात की खरंच थांबता."

त्या दुपारी वाचून झाल्यावर मी स्वयंपाकघरातून स्क्रूड्रायव्हर आणला आणि पेटीचं झाकण काढलं. संशयी स्वभाव, त्याला इलाज नाही. जुनी चिठ्ठी खरवडून काढलेली होती आणि तिच्या जागी नवी होती. तसली गोल चिठ्ठी एका शब्दाच्या मापाची असते. तिच्यात दोन शब्द बसवताना काकांची अक्षरं अगदी कडेला जाऊन टेकली होती. ‘हिने ऐकलं.’